पोटातले जंतू आणि मनाची मरगळ

धुळ्याहून शिरपूरकडे निघालं की मुंबई-आग्रा महामार्गावर सोनगीर लागतं, तांब्या-पितळेच्या भांड्यांचं गाव. तांब्याच्या हंड्यातलं रात्रभरचं पाणी चांगलं, ही समजूत इथल्या भांड्यासोबत फुकट मिळते आणि ती बरीचशी खरी आहे. जुलाबाचे जंतू मुद्दाम मिसळलेलं पाणी तांब्याच्या भांड्यात १६ तास ठेवलं, तर ते जंतू वाढताना सापडत नाहीत, असं बंगळुरूच्या संशोधकांनी २०१२ साली दाखवलं. पाण्यात उतरलेलं तांबं जागतिक आरोग्य संघटनेच्या मर्यादेपेक्षा खूपच कमी होतं. (ताकाचं तसं नाही. कल्हई नसलेल्या भांड्यात ते ठेवलं तर आंबटपणानं तांबं भराभर उतरतं.)

पाण्यातले जंतू मारावेत, यात वाद नाही. पण आपल्या अंगात अंदाजे ३८ लाख कोटी जंतू राहतात, त्यातले बहुतेक मोठ्या आतड्यात, आणि त्यांचा संबंध थेट मनाच्या उदासीपर्यंत पोचतो की काय, हा प्रश्न गेली वीसेक वर्षं गांभीर्यानं विचारला जातोय. २००४ साली जपानच्या क्युशू विद्यापीठात जन्मापासून निर्जंतुक ठेवलेले उंदीर थोडा वेळ कोंडले, तर त्यांच्या रक्तात ताणाची संप्रेरकं नेहमीच्या उंदरांपेक्षा जास्त उसळली. लहानपणीच एक विशिष्ट जंतू पोटात सोडला, तर ती उसळी आटोक्यात आली.

जंतूंचा निरोप मेंदूकडे जातो कसा? सगळ्यात भक्कम पुरावा आहे तो रोगप्रतिकारशक्तीच्या वाटेचा. ताप आला की जेवण नको होतं, कुणाशी बोलावंसं वाटत नाही, अंथरूण सुटत नाही. हा निव्वळ थकवा नसतो. संसर्गाशी लढणाऱ्या पेशी सायटोकाईन नावाची रसायनं सोडतात आणि ती मेंदूला तसं वागायला लावतात. हिपॅटायटिस सी झालेल्यांना पूर्वी इंटरफेरॉन हे अशाच जातीचं औषध महिनोन् महिने देत. त्यांतल्या पाव ते एक तृतीयांश रुग्णांना खरंखुरं नैराश्य येई.

आतडं इथेच गोष्टीत शिरतं. ज्वारी-बाजरीतला, डाळीतला चोथा आपल्याला पचत नाही, जंतूंना पचतो. त्यातून ब्युटिरेटसारखी आम्लं तयार होतात आणि आतड्याचं अस्तर त्यांच्यावर पोसतं. चोथा कमी पडला की अस्तर कमकुवत होऊ शकतं, जंतूंचे तुकडे रक्तात झिरपतात आणि प्रतिकारयंत्रणा सतत धुमसत राहते. अशा दाहात ट्रिप्टोफॅन हे अमिनो आम्ल सेरोटोनिनऐवजी दुसऱ्याच रसायनांकडे वळवलं जातं. ‘सेरोटोनिन तर पोटातच बनतं’ हे वाक्य हल्ली मोबाइलवर फिरतं. ते बऱ्याच अंशी खरंही आहे, पण पोटातलं सेरोटोनिन मेंदूत शिरू शकत नाही, हे पुढचं वाक्य कुणी पाठवत नाही.

दुसरी वाट आतड्याला मेंदूशी जोडणाऱ्या व्हेगस मज्जातंतूची. आयर्लंडमधल्या कॉर्क इथल्या गटानं २०११ साली उंदरांना एका लॅक्टोबॅसिलसचा खुराक दिला. त्यांची भीती कमी झाली; व्हेगस कापल्यावर मात्र परिणाम नाहीसा झाला. प्रयोग सुंदर होता. तोच जंतू २०१७ साली धडधाकट पुरुषांना दिला तेव्हा काहीच घडलं नाही. औषधाच्या दुकानातली ‘चांगल्या जंतूंची’ पाकिटं पाहताना मला हा दुसरा प्रयोग हमखास आठवतो.

त्याहून बोलका प्रयोग पहिल्या, दाहाच्या वाटेवरचा: अमेरिकेतल्या एमरी विद्यापीठाचा, २०१३ सालचा. औषधांना दाद न देणारं नैराश्य असलेल्या ६० जणांवर दाह शमवणारं इन्फ्लिक्सिमॅब वापरून पाहिलं. सरसकट पाहता औषध आणि नुसतं सलाइन यांत फरक निघाला नाही. पण ज्यांच्या रक्तात दाहाची खूण असलेलं सीआरपी वाढलेलं होतं, त्यांना फायदा दिसला. म्हणजे प्रत्येकाचं नैराश्य दाहातून येत नाही. काहींचं येत असावं.

मग जंतू नेमके कोणते? बेल्जियममध्ये हजारावर लोकांची विष्ठा तपासून २०१९ साली सांगितलं गेलं की नैराश्य असलेल्यांत कोप्रोकॉकस आणि डायलिस्टर कमी असतात. मात्र कमतरतेमुळे नैराश्य आलं की नैराश्यामुळे जेवण बदलून जंतू घटले, हे त्यातून ठरत नाही. शिवाय ती पोटं पाव-चीजवर वाढलेली. पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात योगेश शौचे आणि सहकाऱ्यांनी भारतीयांच्या, अगदी एकत्र कुटुंबांतल्या तीन पिढ्यांच्याही, आतड्यांतले जंतू अभ्यासले. धान्य-डाळींवर जगणाऱ्या भारतीयांत प्रेव्होटेला हा जंतू भरपूर असतो, पाश्चात्त्यांत सहसा कमी असतो. कळण्याच्या भाकरीवर वाढलेल्या सोनगीरच्या पोटाला बेल्जियमचा नकाशा जसाच्या तसा लावणं मला घाईचं वाटतं.

आहार बदलून पाहण्याचा प्रयोग ऑस्ट्रेलियात झाला, २०१७ साली तो प्रसिद्ध झाला. नैराश्य असलेले ६७ जण, १२ आठवडे. डाळी, भाज्या, अख्खं धान्य, मासे खाणाऱ्यांपैकी सुमारे एक तृतीयांश बरे झाले. नुसत्या गप्पांची सोबत मिळालेल्यांत हे प्रमाण ८ टक्के होतं. आपण कोणत्या गटात आहोत हे सहभागींना ठाऊक असणार, हा त्यातला कच्चा दुवा. आणि बातम्यांमधून गळलेली बाब अशी की त्या ६७ पैकी ५५ जण आधीपासून गोळ्या, समुपदेशन किंवा दोन्ही घेत होते.