जुने फोटो आणि आजीची आठवण

घरातले जुने कृष्णधवल फोटो बहुतेक जिलेटिन-सिल्व्हर कागदावरचे असतात. जिलेटिनच्या थरातल्या चांदीच्या सूक्ष्म कणांनी चित्र उमटतं. दमट हवेत हीच चांदी पृष्ठभागावर येते आणि गडद भागांवर, विशेषतः कडांना, निळसर चमक दिसू लागते. मागे स्टुडिओचा शिक्का असेल तर गावाचा अंदाज येतो. पण नऊवारीतली बाई कोण, तिच्या मांडीवरचं मूल कोणाचं, हे आजी किंवा आत्याच सांगू शकते, आणि सगळ्यांत मोलाची माहिती तीच. नावं फोटोच्या मागे कडेला, मऊ पेन्सिलीने हलक्या हाताने लिहावीत. बॉलपेनचा दाब पुढे उमटतो. चिकट पानांच्या अल्बममधले फोटो ओढून काढू नयेत, पानासकट स्कॅन करावेत. आजीचं बोलणं मोबाइलवर रेकॉर्ड करावं, आणि हे काम पुढच्या सुट्टीवर ढकलू नये.