अंगठा 30, तर्जनी 14

1923 च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याला एक परिशिष्ट जोडलेलं होतं. त्यात माणसाच्या शरीराचा तक्ता होता. अंगठा गेला तर कमावण्याची ताकद 30 टक्क्यांनी गेली असं धरायचं. तर्जनी पूर्ण गेली तर 14, मधलं बोट 12, अनामिका किंवा करंगळी 7. पुढे पेऱ्यांचाही हिशोब आहे. तर्जनीची दोन पेरं गेली तर 11, एकच पेर गेलं तर 9, आणि हाड शाबूत राहून नुसतं टोक उडालं तर 5.

पहिल्यांदा वाचताना अंगावर काटा येतो. पण अंगठा तळहाताशी दुमडून साधा स्क्रू उचलून बघा, शर्टाचं बटण लावून बघा, म्हणजे 30 आणि 7 मधलं अंतर लगेच कळतं. चारही बोटांच्या समोर उभा राहणारा तो एकटाच. तो नसला तर बाकीच्यांना धरायला टेकणच उरत नाही. हा तक्ता करणाऱ्यांनी हाताकडे फार बारकाईने पाहिलं होतं.

आणि तरीही हा तक्ता अपुरा आहे. तो का अपुरा आहे हे आपल्या न्यायालयांनी ज्या रीतीने उलगडलं, ते मला या सगळ्या विषयातलं सर्वांत विलक्षण वाटतं.

1975 साली सर्वोच्च न्यायालयापुढे एका सुताराचं प्रकरण आलं. डावा हात कोपराच्या वरून गेलेला. टक्केवारीने पाहिलं तर उजवा हात शिल्लक होता, म्हणजे काही टक्के माणूस शिल्लक होता. न्यायालयाने विचारलं ते असं, की एका हाताने सुतारकाम होतं का? रंधा मारताना दुसरा हात फळी धरतो, खिळा ठोकताना दुसरा हात खिळा धरतो. तेव्हा या माणसाची कमाई 100 टक्के गेली, असा निकाल लागला.

रस्त्यावरच्या अपघातांत हाच धागा 2010 च्या ‘राजकुमार’ निकालाने पुढे नेला. सिव्हिल हॉस्पिटलचा डॉक्टर दाखला देतो, ‘डाव्या पायाला 45 टक्के अपंगत्व’. हे 45 टक्के त्या पायाचे असतात, अख्ख्या शरीराचे नव्हेत. शरीराचा आकडा त्याहून कमी निघतो. पण कमाईचं नुकसान या दोन्हींहून निराळं असतं, आणि ते ठरवणं न्यायाधीशाचं काम, डॉक्टरचं नाही. त्यासाठी तीन गोष्टी बघायच्या. अपघातानंतर या माणसाला काय करता येतं आणि काय नाही, आधी त्याचा धंदा काय होता आणि वय किती होतं, आणि आता तो तेच काम किंवा दुसरं एखादं काम करून पोट भरू शकेल का. डावा हात तुटलेला सरकारी कार्यालयातला कारकून नोकरीत टिकू शकतो. तसाच हात तुटलेला ड्रायव्हर घरी बसतो. डॉक्टरी टक्के दोघांचे सारखेच, भरपाई मात्र कितीतरी वेगळी. कायदा हाताची किंमत करतच नाही. त्या हाताने काय चाललं होतं, ते तो मोजतो.

मग येतो गुणक. मोटार अपघाताच्या दाव्यांत वकील ज्याला सरळ ‘मल्टिप्लायर’ म्हणतात, तो. वर्षाची बुडालेली कमाई घ्यायची आणि वयानुसार ठरलेल्या आकड्याने गुणायची. 2009 च्या ‘सरला वर्मा’ निकालाने हे आकडे देशभर एकसारखे केले. 15 ते 25 वयाला 18, मग दर पाच वर्षांना एकेक कमी, 46 ते 50 ला 13, त्यानंतर दोन-दोन कमी, 66 ते 70 ला 5.

बावीस वर्षांचा मुलगा साठीपर्यंत 38 वर्षं कमावणार, मग त्याला 18 च का? हा प्रश्न प्रत्येक घरातून येतो आणि तो रास्त आहे. उत्तर असं की पैसे आज एकरकमी मिळतात आणि पडून राहत नाहीत. वर्षाला 1 लाख बुडाले असतील तर भरपाई 18 लाख. ती 5 टक्के व्याजाने ठेवा. पहिल्या वर्षाचं व्याज 90 हजार. खर्चाला 1 लाख काढले तर मुद्दलातून गेले फक्त 10 हजार. दरवर्षी असेच 1 लाख काढत राहिलात तर ही रक्कम साधारण 47 वर्षं पुरते. म्हणजे मुलाच्या एकोणसत्तरीपर्यंत. आता 38 वर्षांचा माणूस घ्या, गुणक 15. त्याच व्याजाने पैसे 28 वर्षं पुरतात, तो सहासष्टीला पोचतो. 58 वर्षांच्याला गुणक 9, पैसे 12 वर्षं, वय सत्तर. वयं इतकी वेगळी, गुणक इतके वेगळे, आणि पैसा संपतो तो प्रत्येकाच्या सत्तरीच्या आसपास! हे गणित मी कागदावर मांडून पाहिलं आणि त्या कोरड्या रकान्यांकडे माझी नजरच बदलली.

महागाईचं काय, आणि पगार वाढला असता त्याचं काय? 2017 च्या ‘प्रणय सेठी’ निकालाने त्यासाठी वाढीव टक्के ठरवून दिले. स्वतःचा धंदा असलेल्या चाळिशीच्या आतल्या माणसाच्या कमाईत 40 टक्के मिळवायचे, कायम नोकरीवाल्याच्या 50. तो निकाल मृत्यूच्या दाव्यातला होता. जखमींनाही हीच वाढ मिळाली पाहिजे हे सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये स्पष्ट केलं, ते हात गमावलेल्या एका तरुण डेटा एंट्री ऑपरेटरच्या प्रकरणात.

आता हे सगळं एकत्र करून पाहू. समजा, 32 वर्षांचा सुतार, महिना 20 हजार कमावणारा, दाखल्यावर 60 टक्के अपंगत्व. वर्षाचे 2 लाख 40 हजार, त्यात 40 टक्के वाढ म्हणजे 3 लाख 36 हजार. गुणक 16. होतात 53 लाख 76 हजार. दाखल्यावरचे 60 टक्के तसेच उचलले तर त्यातले 32 लाख 25 हजार 600 हाती येतात. ‘सुतारकाम बंद, म्हणून 100 टक्के’ हे पटवून दिलं तर पूर्ण रक्कम. एका आकड्याने साडेएकवीस लाखांचा फरक पडतो.

मृत्यूच्या दाव्यात मृताचा स्वतःवरचा खर्च वजा होतो, लग्न झालेल्या आणि घरात दोन-तीन माणसं अवलंबून असलेल्याच्या बाबतीत एक तृतीयांश. जखमीच्या दाव्यात ही वजावट नसते, कारण तो जिवंत आहे, त्याला जेवायचं आहे. त्यामुळे कायमच्या जायबंदी माणसाची भरपाई मृत माणसापेक्षा जास्त निघू शकते. लोकांना हे विचित्र वाटतं. मला ते अगदी माणुसकीचं वाटतं.

2020 च्याच आणखी एका निकालात बारा वर्षांची मुलगी होती. मेंदूला इतकी इजा झालेली की तिची समज नऊ महिन्यांच्या बाळाएवढी उरली. तिचं उठणं, बसणं, भरवणं, धुणं सगळं दुसऱ्याच्या हातात. न्यायालयाने एक नाही, दोन मदतनीस धरले. एक माणूस चोवीस तास जागा राहू शकत नाही, ही गोष्ट कुणीतरी आकड्यांत लिहिली. प्रत्येकी महिना 5 हजार, दोघांचे मिळून 10 हजार, गुणक 18, झाले 21 लाख 60 हजार. त्यांचं काम घरातल्या आईनेच केलं तरी ते पैसे कमी होत नाहीत.

घरातल्या त्या बिनपगारी कामाचाही हिशोब न्यायालयांनी मांडला आहे. 2019 च्या सरकारी पाहणीत बायका दिवसाला 299 मिनिटं बिनपगारी घरकाम करतात आणि पुरुष 97, असं आढळलं. सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये हेच आकडे देऊन गृहिणीचं काल्पनिक उत्पन्न धरलंच पाहिजे असं सांगितलं. ‘आई घरीच असते, तिचं काय नुकसान?’ असं विमा कंपनीच्या माणसाने म्हटलं तर त्याच्यासमोर हा निकाल ठेवावा.

वेदनेचे आणि हुकलेल्या सुखाचे पैसे याशिवाय. खुबा मोडलेल्या माणसाला मांडी घालता येत नाही, पंगतीत बसता येत नाही, वारीला जाता येत नाही. याला कुठलाही गुणक नाही, इथे न्यायाधीशाचा अंदाजच चालतो. दाव्यात कुणी मांडलंच नाही तर तोही चालत नाही, म्हणून अशा गोष्टी साध्या शब्दांत लिहून द्याव्यात.

पुष्कळ दावे निकालापर्यंत जात नाहीत, लोकअदालतीत तडजोड होते. त्यात वाईट काही नाही. पैसे लवकर मिळतात, भरलेली कोर्ट फी परत येते. पण लोकअदालतीच्या निवाड्यावर अपील नाही, सही केली की विषय संपला. कंपनी देते ती बहुतेकदा एकच गोळाबेरीज रक्कम. सहीच्या आधी तिची फोड मागून घ्यावी. अपंगत्वाचे टक्के दाखल्यावरचे धरलेत की कामाचे, गुणक कोणता लावला, 40 टक्के वाढ मिळवली का, मदतनीसाचे आणि पुढच्या ऑपरेशनचे पैसे कुठे आहेत, आणि दावा दाखल केल्यापासूनच्या व्याजाचं काय झालं. फोड देता येत नसेल तर पुढची तारीख घ्यावी.