खासगी बेट : कुणाचं, किती खासगी आणि कितीला

उन्हाळ्यात न्यू जर्सीला किंवा डॅलसला मुलाकडे गेलेले आईबाबा, नातवंडांना सुट्टी, आणि मग सगळ्यांनी मिळून फ्लोरिडातून तीन-चार रात्रींची क्रूझ. मराठी घरांत हा बेत आता नवलाईचा राहिलेला नाही. या सफरीच्या वेळापत्रकात बहुतेक वेळा एक दिवस असतो 'कंपनीच्या खासगी बेटावर'. जाहिरातीत निळंशार पाणी, पांढरी वाळू, दोन माडांच्या मध्ये बांधलेली झोळी आणि त्या झोळीत एकच माणूस. सबंध सफरीत सगळ्यात जास्त ऐकीव माहिती फिरते ती या एका दिवसाबद्दल. जाऊन आलेला शेजारी एक सांगतो, बुकिंग करणारा एजंट दुसरंच, आणि पैसे भरून झाल्यावर तिसरंच कळतं.

गैरसमज : बेट कंपनीच्या मालकीचं असतं

काहींचं असतं. या प्रकाराची सुरुवात बहामाजमधल्या बेरी आयलंड्समध्ये झाली. नॉर्वेजियन क्रूझ लाइननं १९७७ साली तिथलं ग्रेट स्टिरप के हे बेट विकत घेतलं. हॉलंड अमेरिका लाइननं १९९६ मध्ये लिटल सॅन साल्वाडोर बेट ६० लाख डॉलरना घेतलं आणि त्याचं 'हाफ मून के' करून टाकलं. डिस्नीचं कास्टअवे के मात्र बहामाज सरकारकडून ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्यावर आहे; १९९८ पासून तिथं डिस्नीची जहाजं लागतात.

काही 'बेटं' तर बेटंच नाहीत. प्रिन्सेस केज म्हणजे इल्यूथेरा या मोठ्या बेटाचं दक्षिण टोक. कार्निव्हलनं जुलै २०२५ मध्ये उघडलेलं, ६० कोटी डॉलरचं सेलिब्रेशन की हा ग्रँड बहामा बेटाच्या किनाऱ्याचा एक तुकडा. तिथून थोड्या अंतरावर लोकवस्ती आहे, शाळा आहेत, माणसं कामाला जातात.

आणि लाबादी. हैतीच्या उत्तर किनाऱ्यावरचं हे भूशिर रॉयल कॅरिबियननं १९८६ पासून भाड्यानं घेतलेलं आहे. बाकीच्या देशापासून ते कुंपणानं तोडलेलं. १२ जानेवारी २०१० रोजी हैतीत भयंकर भूकंप झाला, राजधानी जमीनदोस्त झाली, आणि तीनच दिवसांनी लाबादीच्या किनाऱ्याला पर्यटकांचं जहाज लागलं. जगभरच्या वर्तमानपत्रांनी कंपनीला धारेवर धरलं. कंपनीचं म्हणणं होतं की त्याच जहाजांतून आम्ही मदतीचं सामान आणतोय, आणि इथल्या लोकांचं पोट या किनाऱ्यावर आहे. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या, म्हणून तर तो वाद मिटला नाही. अलीकडे हैतीतल्या हिंसाचारामुळे तिथल्या फेऱ्या कंपनीला पुन्हा पुन्हा थांबवाव्या लागल्या. म्हणजे कुंपण कितीही उंच असलं तरी देश आत येतोच.

गैरसमज : अस्पर्श निसर्ग, निर्मनुष्य किनारा

एमएससी कंपनीच्या ओशन केची जन्मकथा ऐकण्यासारखी आहे. अ‍ॅरॅगोनाइट नावाची चुनखडीची वाळू समुद्रातून उपसण्यासाठी माणसानं उभारलेलं ते औद्योगिक बेट. उपसा थांबल्यावर गंजकं भंगार मागे राहिलं. कंपनीनं ते हटवलं, झाडं लावली, भोवतालचं सुमारे ६४ चौरस मैल पाणी राखीव म्हणून जाहीर केलं आणि २०१९ च्या अखेरीस पर्यटक उतरवायला सुरुवात केली. आज तिथला किनारा सुंदर आहे. पण ती मेहनतीनं केलेली डागडुजी आहे, आदिम निसर्ग नव्हे. डिस्नीच्या बेटाचं मूळ नाव गोर्डा के. अमली पदार्थांचे तस्कर एकेकाळी तिथं विमानं उतरवत. ती धावपट्टी अजून आहे. आता तिच्यावरून पाहुणे भाड्याच्या सायकली चालवतात.

निर्मनुष्य वगैरेही विसरावं. रॉयल कॅरिबियननं कोकोकेवर (नकाशात हे लिटल स्टिरप के) २५ कोटी डॉलर ओतून २०१९ मध्ये त्याचा कायापालट केला. १३५ फूट उंचीची घसरगुंडी, हेलियमचा फुगा, लाटांचा तलाव. तिथल्या धक्क्याला एकाच वेळी दोन जहाजं लागतात, आणि 'आयकॉन ऑफ द सीज'सारख्या एका जहाजातच जास्तीत जास्त ७,६०० प्रवासी मावतात. गणेशोत्सवातल्या लालबागइतकी दाटी नसते हे मान्य. पण झोळीतला तो एकटा माणूस सापडायचा नाही. शोधायचाच असेल तर उपाय साधा आहे. जहाज लागल्यावर पहिल्या अर्ध्या तासात उतरायचं आणि धक्क्यापासून जितकं लांब जाता येईल तितकं जायचं. बहुतेक माणसं पहिल्या दिसलेल्या रिकाम्या खुर्चीवर टॉवेल टाकतात. दुसरं जहाज त्याच दिवशी आहे का, हे बंदरांच्या वेळापत्रकात आधी पाहता येतं. बुकिंगच्या वेळी एजंटला तेवढं विचारावंच.

गैरसमज : तिकिटात सगळं आलं

खरी गोम इथे आहे. धक्क्यावर उतरताना सुरक्षारक्षक तुमचं जहाजाचं कार्ड यंत्राला लावतो, 'टुंग' असा आवाज होतो, आणि पडद्यावर तुमचा फोटो येतो. हेच कार्ड दिवसभर बेटावर चालतं. रोख पैसे जवळजवळ कुठेच लागत नाहीत, आणि न लागणाऱ्या पैशांचा हिशेब माणूस ठेवत नाही.

साधारणपणे फुकट असतं ते असं: किनारा, आरामखुर्ची, दुपारचं जेवण, पाणी-सरबत, बेटावर फिरणारी ट्रॅम. कोकोकेवर मोठा तलाव आणि बरेचसे किनारे तिकिटातच येतात. पण घसरगुंड्यांच्या वॉटरपार्कला, फुग्याला, बीच क्लबला वेगळे पैसे. स्नॉर्कलचं साहित्य, जेट-स्की, सावलीची खासगी छपरी, म्हणजे कबाना, हे सगळीकडेच वेगळं. या कबानांचे आणि वॉटरपार्कचे दर विमानाच्या तिकिटासारखे दिवसागणिक हलतात, आणि घरी बसून आधी घेतलेलं सहसा जहाजावर घेण्यापेक्षा स्वस्त पडतं. दारूचं पॅकेज घेतलं असेल तर ते बेटावर चालतं का, हे कंपनीगणिक वेगळं असतं आणि नियम बदलतात, तेव्हा निघायच्या आठवड्यात पुन्हा विचारलेलं बरं. डिस्नीच्या बेटावर थंड पेयं फुकट, दारूला पैसे. नॉर्वेजियनचं बेलीझमधलं हार्वेस्ट के तर याहून वेगळं: तिथं जेवणाचेच पैसे मोजावे लागतात. नाव त्याच कंपनीचं, म्हणून ग्रेट स्टिरप केचा अनुभव तिथं लावायला गेलेली माणसं हॉटेलच्या दरपत्रकासमोर थबकतात.

शाकाहारी मंडळींसाठी थोडं सविस्तर. दुपारचा बेत म्हणजे बार्बेक्यू: बर्गर, हॉटडॉग, कोंबडी, रिब्ज. सोबत सॅलड, फळं, फ्रेंच फ्राइज, कुठे कुठे भात आणि बीन्स. भाज्यांचा बर्गर मागितला तर मिळतो, पण तो बहुधा त्याच जाळीवर भाजलेला असतो. तेवढ्यानं अन्न गळ्याखाली उतरत नसेल तर आदल्या रात्री जहाजाच्या जेवणघरात मुख्य वेटरला सांगून ठेवावं. आणखी सोपा मार्ग म्हणजे सरळ जहाजावर परत जाऊन जेवणं. जहाज धक्क्याला लागलेलं असेल तर पाच-दहा मिनिटांची चाल. त्या वेळी जहाज निम्मं रिकामं असतं, बुफेला रांग नसते. आजी-आजोबांना हा भाग किनाऱ्यापेक्षा जास्त आवडतो, असं मी बऱ्याच घरांत ऐकलं आहे.

वाढणाऱ्याच्या छातीवरचा बिल्ला वाचा. त्यावर नावाखाली देश लिहिलेला असतो. बेटावर राबणारे बरेच हात त्या दिवसापुरते जहाजावरून उतरलेले असतात, आणि 'इंडिया' लिहिलेल्या बिल्ल्यांमागे गोव्याची माणसं पुष्कळ. साष्टी-बार्देशातल्या कितीतरी घरांचा संसार बोटीवरच्या या पगारावर उभा राहिला आहे. तुम्ही कोंकणीत किंवा मराठीत दोन शब्द बोललात तर चेहरा खुलतो, आणि कुठली भाजी जाळीला न लागता वेगळी मिळेल हेही कळतं.

गैरसमज : बेट कंपनीचं, मग पासपोर्ट-व्हिसा कशाला?

हा सगळ्यात महागात पडणारा गैरसमज. तो पसरतो अमेरिकन शेजाऱ्यांकडून. फ्लोरिडातून निघून फ्लोरिडातच परतणाऱ्या क्रूझवर अमेरिकन नागरिकाला जन्मदाखला आणि सरकारी ओळखपत्र चालतं, पासपोर्ट लागत नाही. हे खरं, पण त्यांच्यापुरतं. भारतीय पासपोर्टवाल्यासाठी बहामाज हा परदेश आहे, मग वाळूवर कुणी शिक्का मारो वा न मारो. परत आल्यावर मायामीच्या बंदरात अमेरिकेत नव्यानं प्रवेश मिळवावा लागतो. आईबाबांचा व्हिसा एकाच प्रवेशाचा असेल तर तो अमेरिकेत उतरतानाच वापरून संपलेला असतो.

मुलगा-सून एच-१बी वर असतील तर त्यांच्यासाठी आणखी एक खाच आहे. पासपोर्टवरच्या व्हिसाची मुदत संपलेली असली तरी कॅनडा किंवा मेक्सिकोत तीस दिवसांच्या आत जाऊन परतायची सवलत असते. मित्रमंडळींत सगळे ती वापरतात, म्हणून बहामाजलाही चालेल असं वाटतं. चालत नाही. शेजारच्या बेटांसाठी ती सवलत फक्त एफ आणि जे व्हिसावर असलेल्यांना आहे. एच-१बी वाल्यानं मुदत संपलेल्या व्हिसावर ही क्रूझ घेऊ नये. बहामाजच्या स्वतःच्या व्हिसाचे नियम वेगळे. ते क्रूझ कंपनीकडून लेखी घ्यावेत, एजंटच्या तोंडी आश्वासनावर नाही.

गैरसमज : वेळापत्रकात आहे म्हणजे जहाज लागणारच

वेळापत्रक हा बेत असतो, करार नव्हे. तिकिटाच्या अटींतच कप्तानाला बंदर वगळायची मुभा दिलेली असते. धक्का नसलेल्या बेटांवर जहाज दूर उभं राहतं आणि टेंडर नावाच्या छोट्या होड्यांतून माणसं नेतात. समुद्र जरा उसळला की या होड्या बंद. धक्का असला तरी आडवा वारा मोठ्या जहाजाला टेकू देत नाही. डिसेंबर ते मार्च उत्तरेकडून थंड वारे येतात तेव्हा असं बऱ्याचदा होतं. सकाळी आठला ध्वनिक्षेपकावर कप्तान दिलगिरी व्यक्त करतो, मुलं स्विमिंगच्या कपड्यांत दारात उभी असतात. परत मिळतो तो बंदराचा कर आणि आधी घेतलेल्या कबानाचे वगैरे पैसे. बाकी दिवस समुद्रात. त्याच महिन्यांत पाणीही २३-२४ अंशांवर उतरतं. अलिबागच्या कोमट पाण्याची सवय असलेल्यांना हुडहुडी भरते. जून ते नोव्हेंबर पाणी उबदार, पण तो चक्रीवादळांचा मोसम.

गैरसमज : कंपन्या हे पाहुण्यांच्या हौसेसाठी करतात; किंवा, स्थानिकांना एक छदामही मिळत नाही

या दोन टोकांच्या समजुती आहेत. अमेरिकेत १८८६ चा एक कायदा आहे: परदेशी झेंड्याच्या जहाजानं दोन अमेरिकन बंदरांमध्ये प्रवासी वाहू नयेत. बहुतेक क्रूझ जहाजं बहामाज, पनामा असे झेंडे लावतात. त्यामुळे मायामीहून निघून मायामीलाच परतायचं तर मध्ये एखादं परदेशी बंदर घ्यावंच लागतं. बहामाजमधलं खासगी बेट ती अट पुरी करतं. बहामाजच्या राजधानीला, नासाऊला, जहाज लागलं तर पर्यटकाचा डॉलर टॅक्सीवाल्याकडे, टोप्या-टोपल्या विणून विकणाऱ्या बाईकडे जातो. बेटावर तो कार्डावरून कंपनीकडे येतो.

पण बहामाज सरकारही हे जाणतं. २०२४ च्या सुरुवातीपासून प्रवासी कर वाढवताना त्यांनी नासाऊ किंवा फ्रीपोर्टला जाणाऱ्या प्रवाशामागे २३ डॉलर लावले आणि फक्त खासगी बेटावर जाणाऱ्यामागे २५. बेटांवर काही स्थानिकांना नोकऱ्या आहेत, काही ठिकाणी त्यांचे ठेलेही आहेत. आणि नुकसानही आहे. कार्निव्हल कॉर्पोरेशननं जून २०१९ मध्ये २ कोटी डॉलर दंड मान्य केला, तो आधीच्या प्रदूषण खटल्यातल्या अटी मोडल्याबद्दल. बहामाजच्या पाण्यात उष्ट्या अन्नाबरोबर प्लास्टिक टाकणं हा त्यातला एक आरोप होता.

भारतात असं बेट आहे का?

नाही. मुंबईहून गोव्याला जाणारं कॉर्डेलियाचं 'एम्प्रेस' जहाज मात्र या व्यवसायाचं जुनं जाणकार आहे. १९९० साली 'नॉर्डिक एम्प्रेस' नावानं रॉयल कॅरिबियनसाठी ते बांधलं गेलं, तेच मुळी मायामीहून बहामाजच्या तीन-चार रात्रींच्या फेऱ्यांसाठी. कोकोके हा त्याचा नेहमीचा थांबा. लक्षद्वीपची तुलना काही जण करतात, पण ती बेटं लोकांची आहेत, तिथं गावं आहेत, आणि तिथं जायला भारतीयांनाही आधी प्रवेश परवाना काढावा लागतो.