गेमवरचं १२+, १६+ नेमकं ठरवतं कोण?

प्ले स्टोअरवर कुठल्याही गेमचं पान उघडा. नावाखाली स्टार दिसतात, डाउनलोडचा आकडा दिसतो आणि त्याच ओळीत ३+, ७+, १२+, १६+ किंवा १८+ असं लिहिलेला छोटासा चौकोन असतो. आपण स्टार बघतो, साइज बघतो आणि इन्स्टॉल दाबतो. तो चौकोन बघतंय कोण! आज त्याच्याबद्दलच बोलू.

आधी एक गैरसमज काढू

सातवीतला माझा मावसभाऊ मला म्हणाला, "दादा, मला हा गेम मस्त जमतो, मग त्यावर १६+ कशाला लिहिलंय?" बऱ्याच जणांना असंच वाटतं. पण रेटिंगचा गेम सोपा की अवघड याच्याशी काही संबंध नाही. बुद्धिबळ कितीही डोकं खात असलं तरी त्याला ३+ मिळू शकतं. गेममध्ये मारामारी, रक्त, शिव्या, भीतीदायक दृश्यं, अश्लीलता, नशा, जुगार यातलं काय आणि किती आहे, हे तो आकडा सांगतो.

हे सुरू कसं झालं?

१९९३ मध्ये 'मॉर्टल कॉम्बॅट' आणि 'नाइट ट्रॅप' या गेमवरून अमेरिकेच्या सिनेटमध्ये सुनावणी झाली. सरकार कायदा करेल या धास्तीने गेम कंपन्यांनीच १९९४ मध्ये ईएसआरबी नावाची रेटिंग संस्था उभी केली. युरोपात २००३ पासून पेगी आहे. जर्मनी, जपान, दक्षिण कोरिया यांच्या व्यवस्था वेगळ्या आहेत.

डिस्कवर विकल्या जाणाऱ्या गेमसाठी ईएसआरबीची पद्धत अशी: कंपनी गेममधल्या मजकुराची लेखी माहिती देते, सोबत त्यातल्या सगळ्यात कडक प्रसंगांचा व्हिडिओ देते आणि परीक्षक तो पाहून रेटिंग ठरवतात. म्हणजे कंपनीने जे दाखवलं, त्यावर भिस्त. 'जीटीए सॅन अँड्रियास'च्या फाइल्समध्ये एक अश्लील भाग दडलेला होता. २००५ मध्ये तो उघड झाला आणि १७+ चं रेटिंग बदलून थेट 'फक्त प्रौढांसाठी' करावं लागलं.

मग मोबाइल गेमचं काय?

मोबाइलवर इतके गेम येतात की प्रत्येकाचा व्हिडिओ माणसाने बसून बघणं शक्यच नाही. त्यावर उपाय म्हणून आयएआरसी ही व्यवस्था आली. प्ले स्टोअर ती २०१५ पासून वापरतं. गेम बनवणारा एक ऑनलाइन फॉर्म भरतो: हिंसा आहे का? रक्त दिसतं का? खेळणारे एकमेकांशी बोलू शकतात का? या उत्तरांवरून सिस्टम आपोआप रेटिंग काढते. अमेरिकेत ते ईएसआरबीचं दिसतं, युरोपातल्या बहुतेक देशांत पेगीचं आणि आपल्याकडे ३+ ते १८+ असं सर्वसाधारण. ॲपलचाही असाच स्वतःचा फॉर्म आहे. तिथले गट २०२५ मध्ये बदलून ४+, ९+, १३+, १६+ आणि १८+ असे केले.

उत्तरं खोटी निघाली तर रेटिंग बदलतं, गेम स्टोअरवरून काढलाही जाऊ शकतो. पण कुणी तपासत नाही तोवर आकडा उभा असतो तो बनवणाऱ्याच्या शब्दावर.

शिवाय शेवटी हा माणसांनी केलेल्या नियमांचा निकाल. 'बालात्रो' हा पत्त्यांचा गेम घ्या. त्यात खरे पैसे लावता येत नाहीत, फक्त पोकरचे डाव आहेत. अमेरिकेत त्याला १०+ मिळालं, युरोपात जुगाराच्या नियमामुळे १८. कंपनीने अपील केलं आणि २०२५ मध्ये १८ चे १२ झाले. गेम तोच होता!

आकडा जे सांगत नाही

आता सगळ्यात महत्त्वाचं. गेममध्ये ऑनलाइन कोण भेटेल, याची हमी रेटिंग देत नाही. ७+ बघून मावशीने माझ्या त्याच मावसभावाला एक गेम घेऊ दिला. गेम खरंच साधा होता. पण त्यातल्या चॅटवर एक अनोळखी माणूस त्याच्याकडे व्हॉट्सॲप नंबर आणि फोटो मागत होता. त्याने मला येऊन सांगितलं, म्हणून कळलं. आम्ही त्या माणसाला ब्लॉक करून रिपोर्ट केलं आणि चॅट बंद केलं.

पैशांचंही तसंच. ३+ चा गेमसुद्धा 'हे घे, ते घे' करत खरेदीची बटणं पुढे करू शकतो आणि फोनला जोडलेलं खातं बहुतेक वेळा आईबाबांचं असतं.

म्हणून मी इन्स्टॉल करण्याआधी एवढं करतो:

- रेटिंगच्या चौकोनावर टॅप करून खालचे शब्द वाचतो. आकडा का मिळाला ते तिथे कळतं. खेळणारे एकमेकांशी बोलू शकतात, ॲपमध्ये खरेदी आहे, असंही तिथे लिहिलेलं असतं.
- चॅट असेल तर गेम उघडल्यावर आधी सेटिंगमध्ये जाऊन ते बंद करतो किंवा फक्त मित्रांपुरतं ठेवतो.
- प्ले स्टोअरच्या सेटिंगमध्ये प्रत्येक खरेदीआधी पासवर्ड विचारण्याचा पर्याय चालू ठेवतो.

घरात लहान भावंडं तुमचा फोन घेत असतील तर प्ले स्टोअरमध्ये प्रोफाइलच्या फोटोवर टॅप करा. मग सेटिंग, फॅमिली आणि पॅरेंटल कंट्रोल्स. तिथे पिन टाकून वय निवडा. ही मर्यादा त्याच फोनपुरती असते आणि बाहेरून आणलेल्या एपीके फाइलला ती अडवत नाही.

आणि गेममध्ये कुणी नंबर, फोटो किंवा पैसे मागितले, तर तुमचं वय रेटिंगपेक्षा जास्त असलं तरी घरात कुणाला तरी लगेच सांगा. माझ्या मावसभावाने तेच केलं, आणि यात ओरडा बसण्यासारखं काहीच नाही.