केकवरचे मोती आपल्या हलव्याचे

आज बोलायचं आहे ते लग्नाच्या केकवर लावायच्या चमकदार मोत्यांबद्दल. खाता येणाऱ्या, साखरेच्या मोत्यांबद्दल.

'आपल्या गावात केक कुठला?' असं कुणी म्हणेल. पण साखरपुडा असो, हळद असो, स्वागतसमारंभ असो, आता कुठे ना कुठे केक येतोच. आम्ही राहतो त्या खारदांड्यात कोळीवाडा आहे आणि शेजारी वांद्र्याला जुनी ख्रिस्ती वस्ती. तिथे लग्नाचा केक पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. आता तो आपल्या सगळ्यांच्याच मांडवात आला. त्याच्यावरचे रुपेरी, पांढरे मोती बाजारातून डबीत येतात. ते कशाचे बनतात, हे फारसं कुणी विचारत नाही.

आमचं म्हणणं एवढंच आहे की केकवर जे बसतं ते कुणाच्या तरी पोटात जातं, आणि बहुतेक वेळा लहान मुलाच्या. मुलं केक नंतर खातात, आधी मोती वेचतात. म्हणून मोती आधी अन्न हवा, मग दागिना. आणि असा मोती करण्याची विद्या आपल्या घरात आधीपासून आहे. तिचं नाव हलवा.

संक्रांतीचा हलवा म्हणजेच साखरेचा मोती

लग्नानंतरच्या पहिल्या संक्रांतीला काळी साडी नेसलेल्या सुनेला आपण हलव्याचे दागिने घालतो. नथ, तन्मणी, बांगड्या, मंगळसूत्र. जावयाला हार आणि हलव्याचा नारळ देतो. बाळाच्या बोरन्हाणाला मुकुट आणि बासरी करतो. या सगळ्यातला एकेक दाणा म्हणजे तीळ, खसखस किंवा साबुदाण्यावर चढवलेले साखरेचे शेकडो पातळ थर. परदेशी केकवरचे मोती बनवणारे कारखानेही हेच करतात. फिरत्या भांड्यात दाणे घोळवतात आणि वरून थोडा थोडा पाक सोडतात. त्यांचं भांडं यंत्र फिरवतं, आपल्या परातीत बोटं फिरतात.

एक गोष्ट लक्षात ठेवा. तयार हलव्याचे दागिने उचलून केकवर लावू नका. त्यांत दोरा, पुठ्ठा, सोनेरी कागद आणि डिंक असतो. ते अंगावर घालायचे. केकवर जायचा तो सुटा हलवा.

दाणा कुठला घ्यायचा

मोती गोल हवा असेल तर आतला दाणा मुळात गोल हवा. तीळ चपटा, त्याचा मोती लांबट होतो. म्हणून बारीक साबुदाणा उत्तम. तो मंद आचेवर कोरडा भाजून, गार करून, चाळून घ्या. अगदी बारीक मोत्यांसाठी खसखस चालते. मात्र माल आखाती देशात जाणार असेल तर खसखस अजिबात नको. संयुक्त अरब अमिरातीत तिच्यावर बंदी आहे, आणि दुबईला नातेवाईक असलेली घरं आपल्याकडे पुष्कळ आहेत.

आता हिशेब. दाण्याची जाडी दुप्पट झाली की त्याचं वजन साधारण आठपट होतं. म्हणजे २ मिलिमीटरच्या ५० ग्रॅम साबुदाण्यापासून ४ मिलिमीटरचे मोती केले, तर हातात सुमारे ४०० ग्रॅम माल येतो. त्यातली ३५० ग्रॅम निव्वळ साखर. म्हणून परात दाण्यांनी भरून सुरुवात करू नका. दाणे वाढतात, आणि मग हात फिरवायला जागा उरत नाही.

पाक आणि हात

अर्धा किलो साखरेला पाव लिटर पाणी घ्या. उकळी आली की चमचाभर दूध घाला, मळी वर येते ती काढून टाका. पाक स्वच्छ कापडातून गाळा. पाक मळका राहिला तर मोती पिवळट दिसतो. गुळगुळीत मोत्यासाठी पाक एकतारीच्या थोडा अलीकडेच थांबवा, बोटांना चिकट लागेल इतपत. काटेरी हलवा करायचा असेल तेव्हा एकतारी लागतो.

पसरट परात अगदी मंद आचेवर ठेवा. आपला तळहात तिच्यावर निवांत टेकवता आला पाहिजे, एवढीच ऊब. दाणे घाला, चमचाभर कोमट पाक सोडा आणि बोटांच्या पेरांनी दाणे गोल गोल फिरवत राहा. थोड्या वेळात दाणे सुटे होतात, कोरडे खडखडतात. तो आवाज आला की दुसरा चमचा. आवाज येण्याआधी पाक घातला तर दोन दाणे एकमेकांना चिकटतात आणि जुळे मोती तयार होतात. रोज सकाळी तीन-चार तास, असे तीन-चार दिवस हे काम चालतं. रात्री दाणे पातळ कापडाखाली पसरून ठेवा.

शेवटी दोन वेगवेगळ्या चाळण्यांतून मोती चाळा. एका ओळीत लहानमोठे मोती आले की केक लांबूनही वाकडा दिसतो.

वारा ओळखा

साखर हवेतलं पाणी ओढून घेते. म्हणून हलवा मार्गशीर्ष-पौषातच चांगला जमतो. हवा थंड आणि कोरडी असते, पाकाचा थर पटकन सुकतो. समुद्रकाठी आणखी एक गोष्ट पाहावी लागते. हिवाळ्यात सकाळी वारा जमिनीवरून समुद्राकडे जातो, तो मतलई वारा. तो कोरडा. दुपारच्या सुमारास वारा फिरतो आणि समुद्रावरून खारा, दमट वारा येऊ लागतो. मासळी सुकवणाऱ्या बायकांना हे सांगावं लागत नाही. बोंबील आणि हलवा यांचं पंचांग एकच. मतलई आहे तोवर काम करायचं, खारा सुटला की परात झाकायची. फक्त दोन्ही कामं एका ओट्यावर नकोत, कारण केकच्या बटरला वास लगेच लागतो.

देशावरच्या मैत्रिणींना ही अडचण कमी. तुमची कोरडी थंडी म्हणजे या कामाचं भांडवल आहे. पावसाळ्यात मात्र हे काम कुठेच घेऊ नये.

चमक तीन प्रकारची

पहिली चमक साखरेचीच. मोती पूर्ण वाढल्यावर शेवटचे दोन हात अगदी पातळ पाकाचे द्या आणि आच बंद करून बराच वेळ फिरवत राहा. मोती एकमेकांवर घासून तुकतुकीत होतात. ही खऱ्या मोत्यासारखी शांत चमक.

दुसरी काचेची. साखर, थोडं पाणी आणि चार थेंब लिंबाचा रस उकळा. पाकाचा थेंब गार पाण्यात टाकल्यावर कडक होऊन कटकन तुटला पाहिजे. मग तेलाचा हात फिरवलेल्या ताटलीत चमच्याच्या टोकाने थेंब थेंब सोडा. खाली सपाट, वर गोल असे पारदर्शक मणी तयार होतात आणि केकवर छान बसतात. हा पाक उकळत्या पाण्यापेक्षा कितीतरी जास्त तापलेला असतो, सुमारे १५० अंश. अंगावर पडला तर चिकटून बसतो. मुलांना लांब ठेवा, शेजारी गार पाण्याचं पातेलं ठेवा. हे मणी दमट हवेत लवकर ओघळतात, म्हणून ते केकवर अगदी शेवटी लावायचे.

तिसरी चांदीची. चांदीची बडीशेप आणि चांदीची वेलची आपण खातोच. तीच रीत. खाण्याच्या डिंकाचं अगदी पातळ पाणी तळहातांना लावून मोती त्यात फिरवा. मोती ओले दिसता कामा नयेत, फक्त किंचित चिकट. मग झाकणाच्या कोरड्या गोल डब्यात वर्ख आणि मोती घालून डबा हलक्या हाताने फिरवा. वर्ख मोत्यांना धरतो.

वर्ख खरा आहे का

आपल्या देशाच्या नियमाप्रमाणे वर्खात किमान ९९.९ टक्के चांदी हवी. २०१६ सालच्या नियमाने वर्ख बनवताना प्राण्यांपासून मिळणारी कोणतीही वस्तू वापरायला बंदी केली. पूर्वी तो कातड्याच्या थरांत ठेवून कुटत.

बाजारात चांदीच्या नावाखाली ॲल्युमिनियमही मिळतं. घरी तपासता येतं. वर्ख दोन बोटांत चोळा. चांदी असेल तर भुकटी होऊन विरून जाते. ॲल्युमिनियमचे चमकणारे तुकडे उरतात. चिमट्यात धरून जाळलात तर चांदीची पांढरी चकचकीत गोळी होते, ॲल्युमिनियमची काळपट राख.

चमकतं ते सगळं अन्न नाही

केकच्या सामानाच्या दुकानात चमचमणारी पूड मिळते. काही डब्यांवर 'नॉन-टॉक्सिक' लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ खाण्याजोगं असा होत नाही. मुलांच्या हस्तकलेच्या रंगांवरही तेच लिहिलेलं असतं. 'फॉर डेकोरेशन ओन्ली' म्हणजे तर सरळच, खायचं नाही. २०१८ साली अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंड राज्यात वाढदिवसाचा केक खाऊन सहा मुलांना उलट्या-जुलाब झाले. केकवर गुलाबी-सोनेरी पुडीचा जाड थर दिला होता. तपासणीत त्या पुडीत मुख्यतः तांबं निघालं.

म्हणून डबी हातात घेतली की तीन गोष्टी पाहा. घटकांची यादी आहे का? अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा १४ अंकी परवाना क्रमांक आहे का? शाकाहाराची हिरवी खूण आहे का? यांतलं काहीच नसेल तर ती डबी परत ठेवा, दुकानदार काहीही म्हणो. यादीतले क्रमांकही ओळखीचे करून घ्या. १७४ म्हणजे चांदी, १७५ म्हणजे सोनं, ९०४ म्हणजे लाख. लाख किड्यांपासून मिळते, हे काही पाहुण्यांना महत्त्वाचं असतं. १७१ म्हणजे टायटॅनियम डायऑक्साइड, पांढरेपणासाठी घालतात. युरोपीय संघाने २०२२ मध्ये तो अन्नात वापरायला बंदी केली. आपल्या हलव्याला त्याची गरजच नाही, साखर मुळातच पांढरी.

केकवर मांडताना

मोती ओल्या क्रीमवर लावले तर काही तासांत विरघळू लागतात. रंगीत असतील तर रंग पसरतो. कडक होणाऱ्या आयसिंगवर ते टिकतात. क्रीमचाच केक असेल तर मोती कार्याच्या ठिकाणी, कापण्याच्या थोडं आधी लावा. स्वच्छ चिमट्याने एकेक उचला, हातांचा घाम लागू देऊ नका.

मोती किती लागतील? समजा ६, ८ आणि १० इंची असा तीन मजली केक आहे. तिन्हींचे घेर मिळून सुमारे ७५ इंच, म्हणजे १९० सेंटिमीटर. ४ मिलिमीटरचे मोती एका ओळीत लावले तर साधारण ४७५ लागतात. पाचशे मोजून घ्या. त्यांचं वजन किती? जेमतेम २५ ग्रॅम!

म्हणजे मघाच्या आपल्या ४०० ग्रॅम मालात असे सोळा केक होतात. इथेच बायका फसतात. २५ ग्रॅम साखरेचे किती पैसे घ्यायचे, असं वाटून भाव पाडून सांगतात. मोत्याची किंमत साखरेची नाही, परातीपुढे बसलेल्या तासांची आहे. किती तास लागले ते गटाच्या वहीत रोज लिहा. त्या तासांना गावातला मजुरीचा दर लावा, त्यात साखर, इंधन, वर्ख आणि डबी धरा. मग भाव सांगा. वजनावर न विकता मोजणीवर विका, पाचशे मोत्यांची डबी.

विकायला काढण्याआधी अन्न सुरक्षा प्राधिकरणाकडे नोंदणी करा. डबीवर आतला दाणा कोणता ते लिहा. तीळ किंवा शेंगदाणा सोसत नाही अशी माणसं असतात. तारीखही लिहा.

डबी घट्ट झाकणाची हवी. आत भाजलेल्या कोरड्या तांदळाची छोटी पुरचुंडी ठेवा, ती ओल ओढते. फ्रिजमध्ये मुळीच ठेवू नका. बाहेर काढल्यावर मोत्यांना पाणी सुटतं.

आणि शेवटचं, पण सगळ्यात महत्त्वाचं. मोती कडक असतो. चार-पाच वर्षांखालच्या मुलांच्या घशात तो अडकू शकतो. केक कापणाऱ्या माणसाला आधीच सांगून ठेवा की लहानग्यांच्या तुकड्यावरचे मोती काढून द्यायचे. मोठ्यांनी मात्र खुशाल चावून खावेत. तो आपला हलवाच आहे, तोंड गोड करायलाच केलेला.