जिनिंगमध्ये आग लागल्यास : आधी माणसे, मग रुई

खामगाव : दिवाळीच्या सुमारास घाटाखालच्या तालुक्यांत कापसाच्या गाड्या धावू लागतात आणि पावसाळाभर बंद असलेल्या जिनिंग-प्रेसिंग कारखान्यांची धडधड पुन्हा सुरू होते. बुलडाणा जिल्ह्याचा हा जुना व्यवसाय. जलंबहून खामगावपर्यंतचा फाटा १८७० मध्ये सुरू झाला, तोही येथील कापसाच्या बाजारपेठेसाठीच. या व्यवसायात आगीचे भय सर्वांनाच ठाऊक असते. आग विझविण्यासाठी वाळूच्या बादल्या आणि पाण्याच्या टाक्याही बहुतेक ठिकाणी दिसतात. मात्र आग लागल्यावर आतील माणसे बाहेर कशी काढायची, याचा विचार क्वचितच झालेला असतो.

आग लागते कशी?

कापसासोबत आलेला खडा किंवा लोखंडाचा तुकडा यंत्रात घासला, की ठिणगी उडते. रोलरचे घर्षण, तापलेली मोटार, सैल वीजजोडणी आणि विडीचे थोटूक ही इतर नेहमीची कारणे. तुळयांवर आणि तारांवर साचलेल्या तंतूंवरून ज्वाळा क्षणार्धात एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे पोहोचते. हवेच्या दाबाने कापूस वाहून नेणारे पंखे सुरूच राहिले, तर तेच आगीला वारा घालतात आणि पेटता कापूस पुढच्या विभागात नेऊन टाकतात.

रुईची आग फसवीही असते. घट्ट दाबलेल्या गाठीत ठिणगी अडकली, तर ती वरून दिसत नाही. आत तासन्‌तास, कधी काही दिवसही धुमसत राहते. अशा धुरात कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू असतो. त्याला रंग वा गंध नसल्याने बंद गोदामात मनुष्य ज्वाळेपर्यंत पोहोचण्यापूर्वीच बेशुद्ध पडू शकतो. म्हणूनच गाठी ओढून वाचविण्यासाठी धुरात शिरणे सर्वांत धोक्याचे ठरते.

बाहेर पडण्याची रीत

आग दिसताच ओरडून आणि भोंगा वाजवून सर्वांना सावध करावे. भोंग्याचा इशारा पाळी बदलण्याच्या भोंग्यापेक्षा वेगळा असावा. नेमून दिलेल्या व्यक्तीने यंत्रे, पंखे आणि मुख्य वीजपुरवठा बंद करावा. मात्र बाहेरच्या वाटेवरील दिवे वेगळ्या जोडणीवर असावेत. लहान आग प्रशिक्षित व्यक्तीनेच, आपल्या पाठीशी दार मोकळे ठेवून विझवावी. बाकीच्यांनी डबा, चप्पल, कपडे यांसाठी न थांबता जवळच्या दाराने निघावे. धूर असल्यास वाकून, तोंडावर फडके धरून चालावे. कपड्यांनी पेट घेतल्यास धावू नये. जमिनीवर पडून लोळावे.

एकत्र जमण्याची जागा आधीच ठरलेली हवी. ती कापसाच्या गंजीपासून दूर असावी, वारा वाहून नेतो त्या बाजूला नसावी आणि अग्निशमन बंबाच्या वाटेत येऊ नये. वाऱ्याची दिशा बदलते, म्हणून अशा दोन जागा ठरविणे बरे. १०१ किंवा ११२ या क्रमांकावर कळविण्याचे काम एका व्यक्तीकडे सोपवावे. जखमींसाठी १०८ आहे.

हजेरी हाच आधार

या साऱ्यात शिरगणती सर्वांत महत्त्वाची. हंगामी कारखान्यात कामगार मुकादमामार्फत येतात, रोज माणसे बदलतात. कोणी मायमाउली लहान मूलही सोबत आणते. रात्रपाळीनंतर थकलेला कामगार गंजीच्या आडोशाला झोपलेला असतो. कार्यालयातील पुस्तकात त्याचे नाव नसेल, तर तो आत राहिल्याचे कळणार कसे? त्यामुळे प्रत्येक पाळीची नावे मुकादमाकडे आणि फाटकावर अशा दोन ठिकाणी हवीत. हजेरी पूर्ण होईपर्यंत कोणीही आत परतू नये. कोणी कमी असल्यास ते अग्निशमन दलाला प्रथम सांगावे.

कायद्याची अपेक्षा

कारखाने अधिनियम, १९४८ च्या कलम ३८ मध्ये सुटकेचे सुरक्षित मार्ग ठेवण्याचे आणि ते कामगारांना परिचित करून देण्याचे बंधन होते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या अधिनियमाची जागा व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहिता, २०२० ने घेतली. कायदा बदलला, तरी कामाची जागा सुरक्षित ठेवण्याची मालकाची जबाबदारी कायम आहे. दारासमोर गाठींची थप्पी लावणे किंवा चोरीच्या भीतीने मागचे दार कुलूपबंद ठेवणे म्हणजे या जबाबदारीलाच कुलूप घालणे होय.

सराव केव्हा?

देशभर १४ ते २० एप्रिल हा अग्निशमन सेवा सप्ताह पाळला जातो. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकिन' या जहाजावर आग लागून भीषण स्फोट झाले आणि अग्निशमन दलाच्या ६६ जवानांना प्राण गमवावे लागले. त्या जहाजात दारूगोळ्याबरोबर कापसाच्या गाठीही होत्या. हे स्मरण योग्यच आहे. परंतु एप्रिलमध्ये जिनिंगचा हंगाम सरत आलेला असतो. येथील सराव पहिली गाडी रिकामी होण्यापूर्वी आणि नवी टोळी आली, की पुन्हा घ्यायला हवा. त्याला पाव तास पुरतो. जळालेल्या रुईची भरपाई विम्यातून मिळू शकते. पण घरी न परतलेल्या माणसाची भरपाई कोणत्याही विम्यातून होत नाही.