परिवलन, परिभ्रमण आणि शर्यतीचे रोटरी इंजिन

इंग्रजीतील 'आर्. पी. एम्.' या संक्षेपासाठी मराठीत 'मिनिटास फेरे' असे म्हणण्याची रूढी आहे. पिठाच्या गिरणीच्या चाकाविषयी बोलताना ती पुरेशी होते. तेथे फिरणारी वस्तू एक व तिचे फिरणेही एकाच प्रकारचे. परंतु वांकेल पद्धतीचे रोटरी इंजिन अतिवेगाच्या शर्यतीसाठी बांधावयाचे असता 'फेरा' हा शब्द संदिग्ध ठरतो, आणि ही संदिग्धता केवळ कोशकाराला छळणारी नाही. तिच्यापायी इंजिन मोडू शकते. सुदैवाने भूगोलाच्या शालेय पुस्तकांनी आपणांस दोन नेमके शब्द दिले आहेत: स्वतःच्या अक्षाभोवती फिरणे ते परिवलन, दुसऱ्या बिंदूभोवती फिरणे ते परिभ्रमण.

या इंजिनात मध्ये किंचित चिमटलेल्या लंबगोल कवचात फुगीर बाजूंचा त्रिकोणी रोटर फिरतो. तो मुख्य दंडावरील उत्केंद्री भागावर बसविलेला असल्यामुळे त्याचे केंद्र दंडाच्या अक्षाभोवती लहानसे वर्तुळ काढते. त्याच वेळी रोटर स्वतःभोवतीही फिरतो, पण संथपणे. कवचाला पक्के केलेले दंतचक्र व रोटरच्या पोटातील दंतचक्र यांच्या दात्यांचे प्रमाण २:३ असते (माझदाच्या '१३ बी' इंजिनात ३४ व ५१). परिणामी दंडाचे तीन फेरे होतात तेव्हा रोटरचे एक परिवलन पुरे होते. गतिमापकावरील ९००० हा आकडा दंडाचा, म्हणजेच रोटरच्या परिभ्रमणाचा. त्याचे परिवलन अवघे ३००० असते. 'रोटर तर सावकाश फिरतो, मग वेग वाढविण्यास भीती कसली?' असे विधान पुष्कळदा ऐकू येते. ते परिवलनापुरतेच खरे आहे.

फेलिक्स वांकेल यांचे जे पहिले इंजिन १९५७ साली जर्मनीतील एन्. एस्. यू. कारखान्यात चालले, त्यात परिभ्रमण नव्हतेच. रोटर व त्याभोवतालचे कवच दोन्ही आपापल्या स्थिर अक्षांभोवती फिरत, आणि म्हणून ते अतिवेगाला अनुकूल होते. मात्र ठिणगीचे प्लग बदलण्यासाठीही ते खोलावे लागे. हान्स डीटर पाश्के यांनी १९५८ मध्ये कवच स्थिर करून आजची रचना सिद्ध केली. माझ्या शर्यतीच्या घोड्याला तुम्ही नांगराला जुंपलेत, अशा आशयाची वांकेल यांची तक्रार प्रसिद्ध आहे. ती निव्वळ रुसव्याची म्हणून सोडून देता येत नाही. पुढे शर्यतीची रोटरी इंजिने बांधणाऱ्या प्रत्येकाला याच परिभ्रमणाशी झगडावे लागले.

झगड्याचे मान थोड्या गणिताने कळते. '१३ बी' मध्ये उत्केंद्रता १५ मिलिमीटर आहे. मिनिटास ९००० फेऱ्यांना रोटरच्या केंद्राचे त्वरण गुरुत्वाच्या सुमारे १३५० पट होते. रोटर चार किलोग्रॅमचा धरला तर बेअरिंगवर सुमारे साडेपाच टनांचा भार येतो. १२००० फेऱ्यांना तो साडेनऊ टनांच्या पलीकडे जातो, कारण भार वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढतो. या दोन रोटरांच्या इंजिनात दंडाला आधार केवळ दोन्ही टोकांस असतो, मध्ये नसतो. प्रतिभार जोडून बाहेर जाणवणारी थरथर घालविता येते. दंडाचे वाकणे त्याने जात नाही. दंड वाकला की रोटर कलतो व त्याची कड बाजूच्या भिंतीला घासते. म्हणून कुशल कारागीर रोटर तासून हलके व समभार करतात, त्यांच्या कडांशी थोडी अधिक फट ठेवतात, तेलाचा दाब वाढवितात आणि स्थिर दंतचक्र अधिक कठीण पोलादाचे घेतात.

याहून नाजूक प्रश्न रोटरच्या तीन टोकांवरील सीलपट्ट्यांचा. केंद्रोत्सारी प्रेरणेने त्या भिंतीवर दाबल्या जात असतील, असे सहज वाटते. पण चिमटलेल्या भागाशी येताच गोष्ट उलटते. तेथे परिवलन पट्टीला बाहेर लोटते, तर परिभ्रमण आत ओढते. रोटरच्या केंद्रापासून टोकाचे अंतर उत्केंद्रतेच्या नऊ पटींहून कमी असेल, तर ओढ वरचढ ठरते. '१३ बी' मध्ये हे अंतर १०५ मिलिमीटर, म्हणजे सातच पट आहे. ९००० फेऱ्यांना ही निव्वळ ओढ गुरुत्वाच्या सुमारे ३०० पट भरते. तिच्याविरुद्ध पट्टीला भिंतीशी टेकवून धरतात ते मागील स्प्रिंग आणि वायूचा दाब. पट्टी जितकी हलकी तितके त्यांचे काम सोपे. पट्टीच्या कंपनाने कवचावर उमटणाऱ्या ओरखड्यांना १९६० च्या दशकात माझदाच्या अभियंत्यांनी 'सैतानाची नखे' असे नाव दिले होते. परिभाषा घडविणाऱ्या समित्यांना असे नाव सुचणे कठीणच!

हे सारे उपाय 'आर २६ बी' या चार रोटरांच्या इंजिनात एकत्र दिसतात. दंड अनेक भागांचा जोडलेला, मध्येही आधार दिलेला. पट्ट्या सिरॅमिकच्या, कारण सिलिकॉन नायट्राइडसारख्या सिरॅमिकची घनता बिडाच्या निम्म्याहूनही कमी असते. प्रत्येक रोटरला प्लग तीन, आणि हवा घेणाऱ्या नळ्यांची लांबी वेगानुसार बदलणारी. सुमारे ७०० अश्वशक्ती त्याने ९००० फेऱ्यांनाच दिली. आकडा आणखी वर नेण्याचा मोह बांधणाऱ्यांनी टाळला. जून १९९१ मध्ये फ्रान्समधील ल मां येथे हे इंजिन बसविलेली माझदाची '७८७ बी' मोटार चोवीस तासांत ३६२ फेऱ्या मारून पहिली आली. येथील 'फेऱ्या' अर्थात धावपट्टीच्या.